शेजाऱ्यांचा रकाना

"शेजारी म्हणून तुमचा अनुभव काय?" हवालदार मोजपट्टीने विचारलं, आणि माझं तोंड म्हणालं, "चांगली माणसं आहेत."

मी म्हणाले असं नाही म्हणत. तोंड म्हणालं. मी अजून चहात साखर ढवळत होते आणि मनात भलताच विचार चालला होता, की या माणसाला बिस्किटं द्यावीत की नकोत, कारण तो ती बुडवून खातो आणि बुडालेला तुकडा चमच्याने शोधत बसतो. तेवढ्यात तोंडातून ते वाक्य आलं, तयार, इस्त्री केलेलं. आणि मला कुणीतरी मानेवर गार हात ठेवावा तसं झालं. कारण ते वाक्य माझं नव्हतंच. ते तीनशे लोकांचं होतं. बावीस वर्षं मी आमच्या पोलीस ठाण्यात शस्त्रांचं टेबल सांभाळते. परवाना असलेला माणूस वारला की त्याची बंदूक ठाण्यात जमा होते. मुलाला, पुतण्याला, कुणाला ती आपल्या नावावर हवी असेल तर तो अर्ज करतो. मग ठाण्यातलं कुणीतरी त्याच्या घरी जाऊन बघतं, की या घरात बंदूक जावी का. ते कुणीतरी म्हणजे मी. फॉर्म चार पानी. तिसऱ्या पानावर तळाशी शेजाऱ्यांचा रकाना. त्यात मी तीनशेहून जास्त वेळा लिहिलंय, चांगली माणसं आहेत, आणि दर वेळी मनातल्या मनात शेजाऱ्याला हसलेय, की बाबा रे, काही बघितलंस तरी का? आता ते हसू फिरून माझ्याच दारात आलं होतं.

अर्जदार माझ्या भिंतीपलीकडे राहतो म्हणून ही फाइल मी स्वतःहून मोजपट्टीकडे दिली होती. आपल्याच शेजाऱ्याची चौकशी आपण करायची नसते, एवढं मला कळतं. मोजपट्टी हा आमच्याकडे गेल्या वर्षी बदलून आलेला हवालदार. त्याच्या खिशात कायम मोजपट्टी, म्हणून हे नाव. बंदुकीचं कपाट दारापासून किती, खिडकीपासून किती, कडी जमिनीपासून किती उंच, सगळं मोजतो. माणूस सरळ. माझ्याकडे बसल्या बसल्यासुद्धा त्याने सवयीने टेबलाची कड मोजून टाकली होती.

"थांब, लिहू नकोस," मी म्हटलं.

"लिहिलं की." त्याने कागद माझ्याकडे फिरवला. चांगली माणसं आहेत. अक्षर माझ्यापेक्षा बरं.

"खोड ते."

"बाई, खाडाखोड चालत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"मी बरंच काही शिकवते. सगळं लक्षात ठेवायला कुणी सांगितलं?"

तो हसला. मग थांबला. "का? माणसं चांगली नाहीत का?"

आणि नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडे अर्जदाराची बायको खोकली. एकदाच. कोरडा, लहान खोकला, दारावर टिचकी मारावी तसा. पाठोपाठ त्यांच्या बाहेरच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज. शनिवार होता. शनिवारी दुपारी त्याचं दुकान बंद असतं.

मोजपट्टीने काहीच ऐकलं नाही. तो बिस्किटाचा तुकडा शोधत होता. मीही आठ महिने ऐकलं नव्हतं. म्हणजे कानावर पडत होतं, पण ऐकणं वेगळं. आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हापासून तो खोकला आहे. मला वाटायचं, बिचारीला धूळ सोसत नाही. एकदा जिन्यात भेटली तर म्हटलंही, आलं घाल चहात, मध घाल, माझ्याकडे आहे. ती म्हणाली, "हो ताई," आणि तेव्हा ती खोकली नाही. बाजारातून येताना खोकत नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना खोकत नाही. माझ्या दारात चाव्या ठेवायला येते, तेव्हा नाही. छाती खराब असलेला माणूस जागा बघून खोकत नाही. ती फक्त तिच्याच घरात खोकते, तेही दाराशी, तेही तो घरात असताना.

आई अशीच खोकायची. आमचे वडील बाहेरच्या खोलीत बसायचे, पेपर, रेडिओ, सुपारी कातरणं. आई स्वयंपाकघरातून निघाली की उंबऱ्याशी थांबायची, खोकायची, मग आत पाऊल टाकायची. आम्ही भावंडं म्हणायचो, आईचा खोकला. घराण्यात जसा कुणाचा संधिवात असतो तसा. कपाटात औषधांच्या जांभळ्या बाटल्या होत्या. मी सातवीत असताना शाळेच्या सहलीहून तिच्यासाठी खडीसाखरेची पुडी आणली होती, सहलीभर मुठीत धरून, त्यामुळे घरी पोचेपर्यंत तिचा एकच गोळा झालेला. डॉक्टरांनी तिला तीनदा तपासलं. तीनदा म्हणाले, "छाती साफ आहे हो." वडील हसायचे, "नाटकं आहेत." ते वारले, आणि तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात तो खोकला थांबला. कुणाच्याच लक्षात आलं नाही. बाटल्या तशाच राहिल्या, पुढे त्यांतलं औषध पाकासारखं घट्ट झालं आणि फेकलं. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, खोल्याखोल्यांतून वाऱ्यासारखी हिंडली, आणि मला, जी लोकांच्या घरांत जाऊन घर वाचण्याचा पगार घेते, तिला, हे त्या शनिवारी, चहात चमचा असताना कळलं. तीस वर्षांनी. साखर केव्हाच विरघळली होती, तरी मी ढवळत होते.

घर वाचण्याची माझी एक युक्ती आहे. ती कुठल्या परिपत्रकात नाही. मी दहावी झालेली बाई. कायदा शिकले तो ठाण्यातल्या जुन्या फायलींतून, डबा खाताना, एका हाताने पोळी आणि एका हाताने पान उलटत. माझ्या कायद्याच्या पुस्तकाला लोणच्याचे डाग आहेत. पण युक्ती माझी स्वतःची. चौकशीला गेलं की बसायचं, घाम पुसायचा आणि म्हणायचं, "वहिनी, जरा पाणी मिळेल?" पुरुष फॉर्म भरत असतो, बाई आत जाते, पाणी आणते. तो पेला बघायचा. भरलेला आहे की अर्धा, हात थरथरतो का, ती पेला माझ्या हातात देते की लांबून टेबलावर ठेवते. पेल्यावरून मी चार घरं अडवली आहेत आणि चारही वेळा बरोबर ठरले. साहेब म्हणतात, बाईंचा पेला म्हणजे पंचनामा. ते ऐकून मला बरं वाटायचं, लपवत नाही. पण त्या दुपारी मनात बाकीची, मी होकार दिलेली घरं एकामागून एक उलगडायला लागली. पिवळा पडदा असलेलं. मासळीच्या टाकीचं. जिना चढून गेलं की गच्चीच लागायची ते. आणि मला आठवलं, की त्यांतल्या किती बायका पाणी घेऊन येताना दाराशी थबकल्या, कुणी बांगडी वाजवली, कुणी "येते हं" म्हणाली, कुणी खोकली. मी पेला बघत होते. दाराकडे माझे कान नव्हतेच. आणि वर, घरातल्या प्रौढ माणसांच्या संमतीची जी सही असते, ती मी प्रत्येक वेळी त्याच टेबलावर, त्याच पुरुषासमोर, त्याच्याच पेनाने घेतली. बायका नवऱ्याकडे बघून पेन उचलायच्या. मला ते लाजणं वाटायचं. त्या घरांत पुढे काही झालं नाही. म्हणजे माझ्या टेबलावर काही आलं नाही.

पलीकडचा चष्मेवाला आहे. कोपऱ्यावरच्या चौकात दुकान. मऊ बोलणं, मऊ बूट, लिफ्टचं दार हाताने धरून थांबणार, "आधी तुम्ही, मॅडम." माझा चष्मा त्यानेच केलाय. अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यांपुढे एकेक भिंग टाकत विचारायचा, "हे बरं की हे? आता? आता?" मी एकदा चुकीचं सांगितलं तर तो काही बोलला नाही, फक्त तेच भिंग पुन्हा टाकलं. आणि पुन्हा. मी बरोबर सांगेपर्यंत. त्याच चष्म्यातून मी त्याचा अर्ज पहिल्यांदा वाचला, आणि मला अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसलं. कामात माणूस पक्का. अर्जात काही खोट नाही. गुन्हा नाही, दारू नाही, भांडण नाही. वडिलांची दुनळी बंदूक, वारस एकुलता एक, कारण: वडिलांची आठवण.

रविवारी सकाळी मी आमच्या ह्यांना विचारलं. हे पुस्तकं बांधतात. बोटांना कायम खळ. वर्तमानपत्राला हात लावला की ते चिकटतं, मग झटकत बसतात.

"मी तुमच्या खोलीत येताना खोकते का हो?"

"तू येताना भांडी पडतात," हे म्हणाले. "खोकायची वेगळी गरज काय?"

"नाही, म्हणजे, मी अचानक आले तर तुम्ही दचकता?"

"पंचवीस वर्षं दचकतोय. सवय झाली." मग बोटाला चिकटलेला कागद सोडवत माझ्याकडे बघितलं. "काय झालंय?"

"काही नाही. जरा ठाण्यात जाऊन येते."

"रविवारी?"

"बंदुकीला तेल द्यायचंय."

हे खोटं नव्हतं. ठाण्याच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटात पंधरा-सोळा बंदुका असतात, प्रत्येकीच्या दस्त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर मेलेल्या माणसाचं नाव. त्यांना तेल मीच देते. चष्मेवाल्याच्या वडिलांची दुनळी तिसऱ्या कप्प्यात होती. दस्त्यावर गालाच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं, इतकं, की तिथे बोट ठेवलं तर कुणाच्या तरी चेहऱ्याला हात लावल्यासारखं वाटावं. मी ती उघडली, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या, रिकाम्या. मिटली, भिंतीकडे तोंड केलं आणि चाप ओढला. खट्. लहानसाच आवाज. पण बंद खोलीत तो पाठीच्या कण्यातून जातो, रिकामी आहे हे माहीत असूनही जातो, बावीस वर्षांनीही जातो. मग मी खुर्चीवर बसून माझं लोणच्याचं पुस्तक काढलं आणि संमतीचा नियम पुन्हा वाचला. "चौकशी अधिकाऱ्यासमक्ष स्वाक्षरी." एवढंच. अर्जदारासमक्ष असं कुठेही नाही. अर्जदाराच्या घरात असंही नाही. आम्हीच टेबल शोधलं होतं, कारण टेबल तिथे होतं आणि आम्ही थकलेले असायचो.

सोमवारी अकरा वाजता, चष्म्याचं दुकान उघडून तासभर झाल्यावर, मोजपट्टी माझ्या स्वयंपाकघरात बसला होता आणि मी शेजारची बेल वाजवून तिला म्हटलं, "अगं, एक सही राहिली आहे. आमच्याकडेच ये, चहा टाकलाय." ती आली. पदराला हात पुसत, सरळ, न खोकता, माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून आत. खुर्ची ओढून बसली आणि तिने विचारलं, "ह्यांच्या बंदुकीची ना? कुठे करू?" मोजपट्टी पेन देणार, तेवढ्यात मी म्हटलं, "सही नंतर. तू घरात खोकतेस का गं?"

मोजपट्टीने माझ्याकडे असं बघितलं, की बाईंचं वय झालं. तिने मात्र नाही. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"त्यांना दचकलेलं आवडत नाही," ती म्हणाली.

"मारतात?"

"छे! कधीच नाही. हात नाही लावला आजवर." हे तिने घाईने सांगितलं, नवऱ्याची बाजू राखायच्या घाईने. "नुसतं दचकायला आवडत नाही. माझ्यामुळे दचकले की मग दिवसभर मला दचकवतात. दारामागे थांबतात. मागून येऊन ताट टाकतात. मी ओरडले की म्हणतात, बघ, आता कळलं कसं वाटतं?" ती जरा हसली. "लहान मुलासारखं आहे तसं."

"आणि बंदूक?"

गॅसवर चहा वर आला, मी उठून बंद केला.

"सासरे होते तेव्हाची गोष्ट," ती म्हणाली. "ते गावाला गेले होते. मी कणीक मळत होते. मागे खट् झालं. रिकामीच होती हो. हे म्हणाले, अगं रिकामीच आहे." आणि आपण केव्हाच उठून उभ्या आहोत हे तिला तेव्हा कळलं, मग ती पुन्हा बसली. "आता म्हणतात, स्वयंपाकघराशेजारच्या भिंतीवर लावू. तिथे कोरडं असतं."

मोजपट्टीने मोजपट्टी काढली होती, का कोण जाणे. ती त्याने हळूच परत खिशात ठेवली.

"हे लिहून देशील?" मी विचारलं.

"त्यांना वाचायला मिळेल?"

खोटं बोलता आलं असतं. "मिळेल. नकार आला तर कारणासकट प्रत मिळते."

"मग नाही." आवाज अगदी साधा, भाजीवालीला नको म्हणावं तसा. "ताई, मला तिथेच राहायचंय. निदान सध्या."

त्या 'सध्या'वर मी थांबले. तो शब्द तिने इतक्या हलक्या हाताने ठेवला होता, की न बघणाऱ्याला दिसला नसता. माझ्या आईकडे तो शब्द नव्हता. असता तर मी सातवीत खडीसाखर आणली नसती, दुसरं काहीतरी केलं असतं, काय ते माहीत नाही. पण मी आता सातवीत नव्हते. मी पन्नाशीची बाई होते, माझ्या अंगावर वर्दी नव्हती पण खुंटीवर होती, आणि हा फॉर्म मला त्याच्या तळाच्या रकान्यापर्यंत पाठ होता.

"असं कर," मी म्हटलं. "तू लिही, माझी काही हरकत नाही. चांगलं ठळक लिही. त्यांना वाचून बरं वाटू दे."

"आणि?"

"आणि हरकत मी घेते."

"बाई," मोजपट्टी म्हणाला, "तुमचा जबाब झालाय. चांगली माणसं आहेत."

"मग पुरवणी जबाब घे. तेही मीच शिकवलंय."

"पण तुमची हरकत कशाबद्दल लिहू? साहेब विचारतील, खोकला कुठल्या कलमात बसतो."

"खोकल्याचं नाव काढू नकोस. ह्या मुलीचं तर नाहीच. लिही." आणि मी सांगितलं, त्याने लिहिलं. की मी अर्जदाराची शेजारीण. आमची भिंत एक. मी बावीस वर्षं शस्त्रांचं काम बघते. ही बंदूक त्या भिंतीपलीकडे आली, तर मला माझ्या घरात भीती वाटेल. अर्जदाराच्या स्वभावाबद्दल माझी खात्री पटलेली नाही. म्हणून हस्तांतरास माझी हरकत आहे.

"भीती?" मोजपट्टीने पेन उचललं. "तुम्हाला? साहेब हसतील."

"हसू देत. पण माझी हरकत ओलांडून सही करणार नाहीत. बावीस वर्षांत मी हा शब्द एकदाही लिहून दिलेला नाही, हे त्यांना ठाऊक आहे."

मग आम्ही दोघींनी सह्या केल्या, एकाच पेनाने, एका टेबलावर. तिने ठळक लिहिलं. चहा तोवर निवला होता, तरी ती तो सगळा प्याली आणि कप विसळायला उठली. त्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरात जे हस्तांतर झालं ते एवढंच, की तिच्या नावावरची ती भीती माझ्या नावावर चढली. मला पेलणारी होती. जाताना दाराशी ती वळली आणि म्हणाली, "तुमच्याकडे मध आहे म्हणालात ना?" मी बरणीच दिली.

साहेब हसले नाहीत. पुरवणी जबाब दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "पेला बघितलात का, बाई?" मी म्हटलं, "या वेळी दार बघितलं, साहेब." त्यांनी आणखी काही विचारलं नाही. बंदूक तिसऱ्या कप्प्यात राहिली. नकाराची प्रत गुरुवारी गेली.

शुक्रवारी संध्याकाळी तो मला जिन्यात भेटला. या वेळी लिफ्टचं दार धरलं नव्हतं. कागद हातात, घडी अगदी सरळ.

"मॅडम, तुम्ही शेजारी आहात," तो मऊ आवाजात म्हणाला. "शेजारधर्म म्हणून काही असतो."

"तोच केला."

"माझी स्वतःची बायको हो म्हणाली आहे. तिने लिहून दिलंय."

"वाचलं मी. तिची हरकत नाही. माझी आहे."

"पण का? मी तुमचं काय केलंय?"

चष्मा नाकावरून जरा खाली आला होता, तो मी बोटाने वर सारला. "काही नाही हो," मी म्हटलं. "मला दचकायला आवडत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. बरोबर उत्तर येईपर्यंत तेच भिंग पुन्हा पुन्हा टाकतात, तसा. मीही बघत राहिले. मला घाई नव्हती. शेवटी त्याने नजर काढून घेतली आणि जिना चढायला लागला, आणि मी त्याच्या मागून, माझ्या नेहमीच्या जड पावलांनी, प्रत्येक पायरी वाजवत.

घरी हे रद्दीच्या पुठ्ठ्यांना खळ लावत बसले होते. मी साडी बदलली नाही. भिंतीला लागून खुर्ची आहे, तिच्यात बसले. पलीकडे टीव्ही मोठ्याने चालला होता, कुणीतरी बातम्या वाचत होतं. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज, मग पावलं, मग पावलं थांबली. आणि ती खोकली. नेहमीचा, कोरडा, लहान.

मी पाठ ताठ केली, घसा साफ केला, आणि भिंतीकडे तोंड करून खोकले. एकदाच. पण चांगला, ठाण्यातल्या व्हरांड्यात शेवटच्या बाकापर्यंत जातो तसा, आत येणारं माणूस आधी सांगून येतंय असा.

पलीकडचा टीव्ही एकदम बारीक झाला.

ह्यांनी खळीचा ब्रश वर धरून माझ्याकडे बघितलं. "औषध देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "छाती साफ आहे."